बॉर्डरलाईन शुगर आणि घरातली फळं: बाबांना आंबा द्यायचा की नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ६४ वर्षांचे, मागच्या महिन्यात एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ६.३ आलं, म्हणजे बॉर्डरलाईन, डॉक्टरांनी गोळी दिली नाही, तीन महिने खाणं आणि चालणं सांभाळा मग परत रिपोर्ट करू म्हणाले. घरी आल्याबरोबर आईंनी केळी, चिकू, द्राक्षं, आंबा सगळं बंद केलं, आणि ताकद तर मिळाली पाहिजे म्हणून रोज सकाळी मोसंबीचा ज्यूस सुरू केला. त्यात व्हॉट्सअॅपवर मेसेज आला की फळ फक्त रिकाम्या पोटी खायचं, जेवणाबरोबर खाल्लं तर पोटात सडतं. आता आंब्याची पेटी घरात यायचे दिवस, बाबा चिडचिड करतायत, आणि तुम्ही विचारताय की शुगरवाल्यांना चालतील अशा फळांची लिस्ट द्या.

मी सांगलीत वीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि ही लिस्ट मला आठवड्यातून चार जण तरी मागतात. पण खरं सांगू का, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटी आहे, जे तुम्ही सहज लिहून गेलात: 'बाकी खाणं नेहमीचंच, दोन वेळ जेवण, चार वेळा चहा आणि चहाबरोबर काहीतरी.' माझ्या मते अडचण तिथे आहे. घरात शुगर निघाली की पहिली गदा फळांवर येते कारण ती गोड लागतात आणि डोळ्यासमोर असतात, आणि चहातली साखर, खारी, बटर, फरसाण हे कुणाला 'खाणं' वाटतच नाही.

जरा हिशोब करू. चहाच्या एका कपात दोन चमचे साखर धरली तर चार कपांत आठ चमचे, म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास. सकाळच्या ज्यूसच्या ग्लासात वरून साखर घातली नाही तरी तीन-चार मोसंब्यांची मिळून साधारण २० ग्रॅम साखर असते. आता जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये जे मार्गदर्शन दिलं त्यात वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर एकाच गटात धरलीय, आणि दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ती ठेवा असं म्हटलंय, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ५० ग्रॅम, आणि जमलं तर त्याच्याही निम्मी. तर बाबांचं ५० ग्रॅमचं खातं चहा आणि ज्यूसमध्येच संपलं, तेही अख्खं फळ एकही न खाता. अख्ख्या फळातली साखर त्या मोजणीत धरलेलीच नाही.

का धरली नाही हे एकदा घरी करून बघितलं की पटतं. चार मोसंबी सोलून बाबांसमोर ठेवा आणि खायला सांगा. फोडी सोलायच्या, बिया काढायच्या, चावायचं, दुसऱ्या मोसंब्याला हात संथ होतो आणि तिसरं बहुतेक ताटात राहतं. तीच चार मोसंबी ज्यूसमध्ये दोन मिनिटांत पोटात जातात आणि चोथा गाळणीत राहतो, जो खरं तर साखर हळूहळू रक्तात सोडायचं काम करत होता. मिक्सरमध्ये फिरवून न गाळता घेतलं तर थोडं बरं, पण चावणं नाही, वेळ नाही, त्यामुळे पोट भरल्याचा निरोपच मेंदूला उशिरा पोचतो. म्हणून बॉर्डरलाईनवाल्यांना मी पहिल्या दिवशी काही बंद करायला सांगत असेन तर ज्यूस, फळ नाही.

हे फक्त माझं मत नाहीये. चीनमध्ये सुमारे ५ लाख लोकांना काही वर्षं फॉलो केलं होतं, २०१७ मध्ये ते छापून आलं, त्यात रोज ताजं फळ खाणाऱ्यांमध्ये नव्याने डायबिटीस होण्याचं प्रमाण साधारण १२ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ज्यांना आधीच डायबिटीस होता त्यांच्यातही फळ खाणाऱ्यांना कॉम्प्लिकेशन्स कमी होती. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर-नर्स वगैरे मंडळींच्या मोठ्या अभ्यासात द्राक्षं, सफरचंद अशी अख्खी फळं खाणाऱ्यांमध्ये धोका कमी आणि फळांचा ज्यूस पिणाऱ्यांमध्ये जास्त असं निघालं. आता असे अभ्यास नातं दाखवतात, फळामुळेच झालं असं शंभर टक्के सिद्ध करत नाहीत, फळ खाणारी माणसं बाकीही बरंच नीट खात असतील. पण 'फळ खाल्लं की शुगर होते' या भीतीला त्यात आधार सापडत नाही, एवढं नक्की.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण ही पोस्ट बाकीचेही वाचतील आणि प्रत्येकाचे बाबा वेगळे. तुमच्या बाबांची किडनी ठीक आहे का? क्रिएटिनिनचा (किडनीचं काम बघायचा) रिपोर्ट झाला नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या. किडनीचं काम कमी झालं असेल तर केळं, संत्रं, चिकू, शहाळ्याचं पाणी यांतलं पोटॅशियम अंगावर येऊ शकतं, आणि करंबल, म्हणजे ते चांदणीच्या आकाराचं आंबट फळ, किडनीच्या पेशंटला खरंच विषारी ठरतं, ते अजिबात नको. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, तर गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवून विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर पपनसाबद्दल विचारून घ्या, त्या जातीची फळं काही गोळ्यांचा परिणाम वाढवतात. ज्यांना इन्सुलिन किंवा शुगर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांचं गणित वेगळं, त्यांनी डोस आणि खाणं एकत्र बघायला हवं, आणि शुगर एकदम खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले तर तेव्हा मात्र अर्धा कप ज्यूस किंवा तीन चमचे साखर हेच औषध आहे. प्रेग्नन्सीतल्या शुगरचंही वेगळं असतं. खाली जे लिहितेय ते ६.३ वाल्या, गोळी नसलेल्या, किडनी चांगली असलेल्या माणसासाठी.

अशा माणसाला मी दिवसाला १०० ते १५० ग्रॅम फळ देते, एकदम न देता दोन वेळांत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही दिवसाच्या ताटात १०० ग्रॅम फळ आणि ४०० ग्रॅम भाजी आहे, आणि यातला भाजीचा आकडा बघा, तो आपल्याकडे कुणाच्याच घरात होत नाही. ग्रॅम मोजायची गरज नाही. बाबांच्या स्वतःच्या मुठीएवढं फळ म्हणजे एक वेळ. मध्यम पेरू एक, लहान सफरचंद एक, संत्रं एक, पपईची वाटीभर फोड, जांभळं ओंजळभर, द्राक्षं पंधरा-वीस. केळ्यात मात्र जात बघा, वेलची केळं जेमतेम ५० ग्रॅमचं असतं आणि जळगावचं मोठं केळं सोलून १०० च्या वर जातं, तेव्हा मोठं असेल तर अर्धं. चिकू आणि सीताफळ यांच्यावर मी बंदी घालत नाही, एक चिकू किंवा लहान सीताफळ अर्धं, आठवड्यातून एक-दोनदा.

आणि ताजी आणि सुकी फळं एक समजू नका. आमच्या तासगावकडे बेदाणा होतो, साधारण चार किलो द्राक्षं सुकली की एक किलो बेदाणा हाती येतो. पाणी उडून जातं, साखर तिथेच राहते. मूठभर बेदाणे म्हणजे मोठ्ठा घडच झाला की. आई जर फळं बंद करून 'सुकामेवा चांगला असतो' म्हणून खजूर-मनुका देत असतील तर तिकडे लक्ष द्या. बदाम, अक्रोड, शेंगदाणे वेगळे, ते चालतात.

आता आंबा. माझ्याकडे सात-आठ वर्षांपूर्वी एक रिटायर्ड शिक्षक यायचे, त्यांनी शुगर निघाल्यापासून चार सीझन आंब्याला हात लावला नव्हता. बायको रडवेली होऊन सांगत होती की पाहुण्यांना फोडी कापून देतात आणि स्वतः उठून बाहेर जाऊन बसतात. डायरी लिहायला सांगितली तर त्यात रोज संध्याकाळी चहाबरोबर दोन खारी आणि वाटीभर शेव-चिवडा. मी म्हटलं सर, आपण अंदाजावर नको, शुगरच्या मशीनवर बघू. एका दिवशी दुपारी चार वाजता खारी-चिवडा बंद, त्याऐवजी अर्धा हापूस फोडी करून आणि सोबत दहा-बारा शेंगदाणे. खाण्याआधी ११८, दोन तासांनी १४६. मग त्यांच्याच हट्टाने रविवारी जेवणात दोन वाट्या आमरस आणि पाच पुऱ्या, दोन तासांनी २३४. तो कागद त्यांनी पाकिटात ठेवला होता, पुढच्या वेळी आले तेव्हा मला काढून दाखवला. आंबा तोच, माणूस तोच.

गणित अगदी सरळ आहे. हापूसच्या १०० ग्रॅम गरात साधारण १४-१५ ग्रॅम साखर. अर्ध्या आंब्याचा गर ७५-८० ग्रॅम, म्हणजे ११-१२ ग्रॅम, एका मध्यम चपातीतल्या पिठाहून कमीच कार्ब (साखर आणि पिष्ट मिळून) झाले. पण आमरसाच्या दोन वाट्यांत दोन-अडीच आंबे सहज जातात, त्यात कुणी साखर घालतं, कुणी दूध, मग पुऱ्या, मग बटाट्याची भाजी, मग भात राहिला म्हणून दोन घास. अक्षय्य तृतीयेला आमरस झालाच पाहिजे हे मलाही मान्य आहे, आमच्याकडेही होतो. त्या दिवशी बाबांना अर्धी वाटी रस द्या, बिनसाखरेचा, वर तुपाचा थेंब आणि किंचित सुंठ, ताटात पुरी दोनच, भात नाही, आणि कोशिंबीर-भाजी भरपूर. जेवण झाल्यावर लगेच आडवं न होता पंधरा मिनिटं शतपावली, याने जेवणानंतरची शुगर खरंच खाली राहते, मशीनवर दिसतं. बाकीच्या दिवशी फोडी. शिकरणाचंही तेच, केळं वाईट नाही, पण दोन केळी, दूध आणि तीन चमचे साखर चपातीबरोबर हे बॉर्डरलाईनच्या माणसाचं रोजचं जेवण होऊ शकत नाही.

थोडक्यात इथवर काय झालं तर ज्यूस बंद, चहातली साखर कपाला अर्धा चमचा (एकदम बंद केली तर बाबा पंधरा दिवसांत परत दोनवर येतील, माझा अनुभव आहे), चारच्या खारी-फरसाणाच्या जागी फळ, आणि आंबा फोडींच्या रूपात अर्धा. फळ हे कशाच्या तरी जागी आलं पाहिजे. पोटभर जेवणावर वरून आलं तर कुठलंही फळ जास्तच होतं.

आता तो रिकाम्या पोटीवाला मेसेज. जठरातलं आम्ल इतकं कडक असतं की तिथे फळ 'सडायला' वाव नाही, आणि आपलं शरीर भाकरी, आमटी, भाजी, फळ सगळं एकत्र पचवायला बनलेलं आहे. उलट जेवणाबरोबर थोडं फळ घेण्याचा एक मोठा फायदा आहे जो आपल्या आज्यांनी ताटातच बसवून ठेवलाय. ताटात डावीकडे लिंबाची फोड का असते? पालेभाजी, डाळी, बाजरी यांतलं लोह शरीरात नीट शोषलं जायला सी व्हिटॅमिन लागतं. पेरूमध्ये १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास सी व्हिटॅमिन असतं, संत्र्याच्या चार-पाच पट, आणि आवळ्यात त्याहूनही जास्त. म्हणून जेवताना पेरूची कोशिंबीर, काकडीच्या कोशिंबिरीत डाळिंबाचे दाणे, मोरावळा नको पण आवळ्याची किसून चटणी, हे उत्तम. आणि जेवणानंतर लगेच चहा मात्र लोह अडवतो, तो तासभर पुढे ढकला. तुम्ही आईंचं हिमोग्लोबिन ९.८ असल्याचं लिहिलंय ना, तर हा पेरू बाबांपेक्षा आईंना जास्त गरजेचा आहे, तेवढा प्लीज बघा.

शुगरच्या माणसाला नुसतं फळ रिकाम्या पोटी दिलं तर काहींची शुगर पटकन चढते, त्यापेक्षा जेवणाच्या शेवटी किंवा दाणे, दही यांच्याबरोबर हळू चढते. पण ज्यांना सकाळी उठल्यावर पपई खाऊन पोट साफ होतं त्यांनी ती सोडायची गरज नाही. ज्यांना पित्त होतं त्यांनी रिकाम्या पोटी संत्रं-मोसंबं टाळलेलं बरं. रात्री केळं खाल्लं की कफ होतो म्हणतात, मला असा नियम पेशंटमध्ये दिसला नाही, ज्याला त्रास होतो त्याने खाऊ नये एवढंच. रात्री उशिरा टीव्हीसमोर बसून काही खाणं हा मात्र खरा प्रश्न आहे, मग ते फळ असो नाहीतर चिवडा.

आणखी एक, महागाचं फळ म्हणजे जास्त औषधी असं काही नसतं. माझ्याकडे लोक किवी आणि ड्रॅगन फ्रूटच्या पिशव्या घेऊन येतात आणि दारात येणारी पेरूवाली बाई परत जाते. थंडीत पेरू, बोरं, आवळा, संत्री, मग द्राक्षं, कलिंगड, उन्हाळ्यात आंबा, करवंदं, पावसाच्या तोंडावर जांभळं, गणपती-दसऱ्याच्या सुमाराला सीताफळ, पपई आणि केळं बारा महिने. सीझनप्रमाणे गेलात तर स्वस्त पडतं आणि आपोआप बदल होत राहतो. कलिंगडाचा ग्लायसेमिक इंडेक्स (शुगर किती पटकन चढते तो आकडा) जास्त म्हणून घाबरवतात, पण त्यात ९० टक्क्यांवर पाणी, वाटीभर फोडींत १०-१२ ग्रॅमच कार्ब, तेव्हा बाबांना एक वाटी चालेल. जांभूळ खा, छान फळ आहे, पण बियांच्या पुडीवर विसंबून चालणं किंवा पुढची तपासणी सोडू नका.

आंबा घेताना पेटी उघडून वास घ्या. बाहेरून सगळीकडे एकसारखा पिवळाधम्मक, आणि देठाशी वासच नाही, असा आंबा मी घेत नाही. कॅल्शियम कार्बाईडने फळ पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, इथिलीन गॅस ठरलेल्या मर्यादेत चालतो आणि तो नैसर्गिक पिकण्याचाच मार्ग आहे, तेव्हा 'गॅसवर पिकवलेला' या शब्दाला घाबरू नका, पावडरवाल्याला घाबरा. जमलं तर थोडा कच्चा आंबा घेऊन घरी गवतात पिकवा. द्राक्षं देठापासून सुटी करून पाण्यात बुडवून ठेवा आणि मग दोन-तीनदा वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, घड नुसता नळाखाली धरून आतली धूळ जात नाही.

फळांवर एवढं लिहिलं पण बाबांचा पुढचा रिपोर्ट फळांनी ठरणार नाही हेही सांगायला हवं. चेन्नईत बॉर्डरलाईन शुगरवाल्यांवर एक अभ्यास झाला होता, २००६ मध्ये छापला, त्यात नियमित चालणं आणि खाण्यातले साधे बदल एवढ्यावर पुढे डायबिटीस होण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी कमी झालं, गोळीशिवाय. तर रोज अर्धा तास चालणं, पोट सुटलं असेल तर तीन-चार किलो वजन कमी, आणि झोप. बाबांची चिडचिड मला जास्त खटकली. माणसाला त्याच्याच घरात ताटातला घास विचारून खावा लागला की तो बाहेर टपरीवर जाऊन खातो, हे मी खूप घरांत पाहिलंय. आईंना दोष देऊ नका, त्या घाबरल्यात. त्यांना ज्यूस आणि चहाचा हिशोब कागदावर मांडून दाखवा, त्यांना स्वतःला पटला की त्या तुमच्या-माझ्यापेक्षा नीट सांभाळतील.

आता करायचं काय ते. उद्यापासून ज्यूसच्या ग्लासाऐवजी तीच मोसंबी सोलून एक, नाश्त्याबरोबर. मशीन घरात नसेल तर एक घ्या, स्ट्रिपचा छोटा डबा पुरेल. तीन वेगळ्या दिवशी चार वाजता फळ, एकदा पेरू, एकदा वेलची केळं, एकदा अर्धा हापूस, सोबत मूठभर दाणे आणि चहा कमी साखरेचा. खाण्याआधी आणि बरोबर दोन तासांनी बोट टोचायचं, मध्ये दुसरं काही खायचं नाही. हात धुऊन पुसून मगच टोचा, बोटाला आंब्याचा रस राहिला तर आकडा उगाच जास्त येतो. चाळीसच्या आत वाढला तर ते फळ तेवढं चालतंय असं मी धरते, जास्त वाढला तर पुढच्या वेळी निम्मं करून बघायचं. आकडे बाबांना स्वतःच्या हाताने लिहू द्या, आणि आंबाही त्यांनाच कापू द्या. सहा आकडे झाले की इथेच टाका, सोबत क्रिएटिनिन किती आलं तेही, मग चिकू आणि सीताफळाचं बघू.